सरासरीत न सापडलेला माणूस

पहिली खूण मला यांच्या ऑफिसातून कळली, घरात नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

हे, म्हणजे माझा नवरा, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव होते. संसदेत जे प्रश्न विचारले जातात, त्यांची उत्तरं तयार करणं हे यांचं काम. खासदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर वाचतात आणि मधला कागद यांच्यासारखा कुणीतरी लिहितो. तो कागद लिहिण्यात यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुन्या फायली, चार विभागांकडून आलेली उलटसुलट माहिती, आणि त्यातून पाऊण पानाचं असं उत्तर की पुढे कुणाला काही विचारायला जागाच राहू नये. घरीही तसंच. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये गॅसचं बुकिंग, माझ्या आईच्या औषधांच्या वेळा, मुलीच्या कॉलेजचे फॉर्म, सगळं यांच्या डोक्यात असायचं. मी शाळेत गणित शिकवते, पण घरातलं पक्कं डोकं यांचं, असं सगळे म्हणायचे, आणि मला ते ऐकायला आवडायचं.

हिवाळी अधिवेशन चालू होतं. मी शाळेत होते, मधल्या सुट्टीत डबा नुकताच उघडला होता. यांच्या सेक्शनमधल्या एका सहकारी बाईंचा फोन आला.

"मॅडम, सर घर पे ठीक तो हैं ना?"

"हां, क्यों?"

"सुबह से एक ही पन्ना खोलकर बैठे हैं. मैंने दो बार पूछा, बोले, हो रहा है. बारह बजे जवाब जाना था. आख़िर मैंने ही बनाकर भेज दिया." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "सर को मत बताइएगा कि मैंने फ़ोन किया."

संध्याकाळी मी विचारलं, "कसा गेला दिवस?"

"ठीक," हे म्हणाले. बूट काढायला खुर्चीवर बसले आणि एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. मला वाटलं, दमलेत. त्या धुरकट थंडीत दिल्लीतला कुठला माणूस दमलेला नसतो?

पण मग मी लक्ष ठेवायला लागले, आणि लक्ष ठेवल्यावर जे दिसायला लागलं ते आधीपासूनच तिथं होतं. पेपर हातात असायचा, पान उलटायचं नाही. आमची मुलगी गुरुग्रामला नोकरी करते, मैत्रिणींबरोबर तिथंच राहते. तिचा फोन आला की हे "हं, अच्छा, हं" करत ऐकायचे, आणि ठेवल्यावर ती काय म्हणाली विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा मी स्कूटरवर मागे बसले होते. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला, आणि हे दिव्याकडे बघत तसेच उभे. "अहो, निघा ना!" मी खांद्यावर थापटलं तेव्हा निघाले. घरी आल्यावर स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. "उद्यापासून मी बसनं जाईन." कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एका रविवारी यांना सरोजिनी नगरच्या मंडईत पाठवलं. बटाटे, मेथी आणि आलं, एवढंच आणायचं होतं. तासाभरानं हे रिकामी पिशवी घेऊन आले.

"काय झालं? पाकीट विसरलात?"

"नाही. पाकीट आहे."

"मग काय आणायचं ते विसरलात?"

"नाही गं. तिन्ही पाठ होत्या मला." हे दारातच उभे होते. "आधी काय घ्यायचं ते ठरेना. बटाटे आधी घेतले तर पिशवी जड होईल. मेथी आधी घेतली तर चुरगळेल. मग परत पहिल्यापासून. भाजीवाला म्हणाला, बाबूजी, लेना है तो लो, नहीं तो रास्ता छोड़ो. मग मी रस्ता सोडला."

मी हसले. खरंच हसले. मला वाटलं, हे गंमत करतायत. यांचा चेहरा बघितला आणि हसणं तोंडातच राहिलं.

त्यानंतर मला एकच भीती. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झाला होता, ते स्वतःच्या घरात संडास शोधत फिरायचे. यांचं वय तेव्हा चोपन्न. मी यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या, डोक्याचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, "बिल्कुल ठीक है. कुछ नहीं है." मी सुटकेचा श्वास टाकला. यांनी टाकला नाही. काहीतरी निघालं असतं तर बरं झालं असतं, अशा नजरेनं हे त्या फिल्मकडे बघत होते. डॉक्टरांनी अजून चार प्रश्न विचारले आणि चिठ्ठी दिली, मनोविकार विभागाची.

"मला वेड लागलेलं नाही," हे बाहेर आल्यावर म्हणाले. एवढंच, पण तीन आठवडे त्याच वाक्यावर अडून राहिले. शेवटी मुलगी शनिवारी आली, यांच्याजवळ जमिनीवर बसली. "बाबा, चलो ना. एकदा फक्त बोलून येऊ. मी पण येते."

मनोविकाराच्या डॉक्टर पन्नाशीच्या होत्या, सरकारी हॉस्पिटलातल्या. बाहेर ही गर्दी, पण त्या घाई करत नव्हत्या. हिंदीतच बोलणं झालं. कधीपासून उदास वाटतंय, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "उदास नाही. डोकं चालत नाही."

"झोप?"

"पहाटे जाग येते. मग नाही लागत."

"जेवणाची चव?"

यांना विचार करावा लागला. "आठवत नाही कधी लागली होती ते."

"स्वतःबद्दल काय वाटतं?"

हे जरा सरळ बसले. मग ज्या आवाजात हे फायलीतला मजकूर वाचून दाखवतात त्या आवाजात म्हणाले, "वाटतं, मी पहिल्यापासून असाच होतो. इतकी वर्षं लोकांच्या लक्षात आलं नाही, आता येतंय."

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "जगणं नको वाटतं?"

"काही करावंसं वाटत नाही. पण सकाळी उठलोच नाही तर बरं, असं वाटतं."

मी शेजारच्या खुर्चीवर होते. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हे वाक्य माझ्यापासून हातभर अंतरावर किती दिवस बसलं होतं, कोण जाणे. मुलीनं माझा हात धरला.

औषधं सुरू झाली. पहिले काही आठवडे तोंड कोरडं पडायचं, पोट बिघडायचं, आणि फरक काहीच नाही. मग एक दिवस यांनी पोह्यांत लिंबू कमी आहे म्हणून सांगितलं, आणि मी ओट्याला टेकून रडले. झोप लागायला लागली. मुलगी आली की हे हसायचे. मार्च संपेपर्यंत ते उठलोच नाही तर बरं वगैरे गेलं, निदान हे तसं म्हणाले. शेजारी म्हणाले, "भाई साहब अब बढ़िया लग रहे हैं." यांचे वरिष्ठ म्हणाले, "वेलकम बॅक."

आणि हे पुन्हा त्याच पानावर अडले.

ही गोष्ट समजायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मन सुधारलं म्हणजे माणूस सुधारला, असं मी धरून चालले होते. पण हे हसत होते, जेवत होते, आणि तरी दोन परिच्छेदांची नोट वाचून तिसरा लिहायला घेतला की पहिला निसटून जायचा. कुणी बोलत असताना मध्येच फोन वाजला की आधीचं सगळं पुसलं जायचं. साधा शब्द जिभेवर यायचा नाही. "ते... ते दे गं, ज्यानं कागद जोडतात." स्टेपलर.

मग मी माझ्या पद्धतीनं मनावर घेतलं. मी शिक्षिका. बावीस वर्षं मी सहावी ते आठवीच्या मुलांना गणित शिकवतेय. कच्च्या मुलांना पक्कं करण्यात माझं नाव आहे. रोज संध्याकाळी हे ऑफिसातून आले, चहा झाला की जेवणाच्या टेबलावर अर्धा तास. पेपरातला एक परिच्छेद वाचायचा आणि सारांश सांगायचा. शंभरातून सात-सात वजा करत यायचं. दहा वस्तूंची यादी, पाच मिनिटांनी परत म्हणायची. मी एक वही केली होती, तारीख घालून, बरोबर-चूक अशा खुणांची. हे रोज बसायचे. एकदाही नको म्हणाले नाहीत. मला वाटायचं, यांना पटलंय.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. माझं त्या दिवशी शाळेत कुणाशी तरी वाजलं होतं. यांनी शंभर, त्र्याण्णव, शहाऐंशी म्हटलं आणि थांबले. मी वाट बघितली. "शहाऐंशी," हे पुन्हा म्हणाले. पंख्याकडे बघितलं. "किती म्हणालो मी?"

"शहाऐंशी."

"शहाऐंशी. त्यातून..."

"सात! अहो, सात! लक्ष कुठंय तुमचं? सहावीतली मुलंसुद्धा करतात हे!"

हे माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता. म्हणाले, "हो. करतात."

आणि वही आपल्याकडे ओढून, त्या दिवसाच्या तारखेपुढे, स्वतःच्या हातानं चुकीची खूण केली.

वही मी बंद केली. पण ते वाक्य परत घेता आलं नाही. मी माफी मागितली, एकदा त्या दिवशी, एकदा आठवड्यानं. दोन्ही वेळा हे म्हणाले, "अगं, त्यात काय." यांना खरंच काही वाटलं नाही, की मी म्हणाले तेच खरं वाटलं, ते मला आजही ठाऊक नाही.

पुढच्या भेटीत मी डॉक्टरांना सरळ विचारलं. "यांचं मन बरं झालंय. मग डोकं का नाही होत?"

त्यांनी घड्याळाकडे न बघता समजावून सांगितलं. मेंदूतले वेगवेगळे भाग सतत एकमेकांशी बोलत असतात. जे भाग नेहमी एकत्र काम करतात त्यांचं एकेक जाळं धरतात. अशी जाळी बरीच आहेत, पण या आजारात तीन जाळ्यांकडे विशेष लक्ष द्यावं लागतं. "एक जाळं आपण बाहेरचं काही करत नसतो तेव्हा चालू असतं. माणूस स्वतःबद्दल विचार करतो, मागचं आठवतो, पुढची काळजी करतो, ते याच्यात. दुसरं कामाचं. चार गोष्टी डोक्यात धरायच्या, त्यातली आधी कुठली ते ठरवायचं. तिसरं, आत्ता कशाकडे लक्ष देणं गरजेचं आहे ते बघतं आणि या दोन्हींची अदलाबदल करायला मदत करतं. कामाचं जाळं चालू झालं की पहिल्यानं मागे सरायला हवं. डिप्रेशनच्या पुष्कळ रुग्णांमध्ये ते नीट मागे सरत नाही आणि अदलाबदल अडखळते, असं अभ्यासांतून दिसतं. सगळ्यांमध्ये एकसारखं दिसत नाही, हेही सांगते."

हे पुढे सरकून ऐकत होते. कितीतरी दिवसांत यांना असं ऐकताना मी पाहिलं नव्हतं. "म्हणजे मी फाईल वाचत असतो आणि मागे कुणीतरी बोलतच असतं."

डॉक्टरांनी लगेच विचारलं, "आवाज ऐकू येतात?"

"नाही, नाही. माझेच विचार."

मला मात्र मंडई आठवली. रस्ता अडवून उभा असलेला माणूस, हातात रिकामी पिशवी. आणि ते "लक्ष कुठंय तुमचं?" मी शिवी दिल्यासारखा विचारलेला तो प्रश्न या बाई डॉक्टरकीचा प्रश्न म्हणून समजावून सांगत होत्या.

"औषधानं ते जाळं सुधारत नाही का?" मी विचारलं.

"काहींचं मन आणि डोकं बरोबरच सुधारतं. काहींचं डोकं मागून येतं. काहींचं थोडं मागेच राहतं."

"यांचं कुठलं?"

"आज सांगता येणार नाही."

"मग कधी?"

"तेही नाही सांगता येणार." माझ्या वर्गात कुणी असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला पुन्हा सोडवायला बसवलं असतं. मग त्यांनी विचारलं, "घरी काही सराव वगैरे करता?" मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "करत होतो. ही छान शिकवते."

डॉक्टरांनीच मग सांगितलं की त्यांच्याच विभागात याच विषयावर संशोधन चालू आहे, माणसं हवी आहेत. डोक्याचे फोटो काढतात, पण साधे नाहीत. माणूस आत पडलेला असताना मेंदूचे कुठले भाग एकमेकांबरोबर काम करतात ते बघतात. उपचार म्हणून याचा उपयोग नाही, हे त्यांनी दोनदा स्पष्ट केलं. हे लगेच हो म्हणाले. "निदान कुणाच्या तरी उपयोगाला येईन." मी वेगळ्या कारणानं हो म्हटलं. मला फोटो हवा होता. शेजाऱ्यांना, यांच्या वरिष्ठांना, पुण्याच्या दिराला, जो फोनवर म्हणायचा की जरा मन रमव, मला दाखवायचं होतं, हे बघा, इथं आहे ते.

मे महिना होता. संशोधन करणारी मुलगी आमच्या मुलीच्याच वयाची. तिनं संमतीचा फॉर्म दिला, हिंदीत, सहा पानांचा. बाकीचे लोक शेवटच्या पानावर सही करून मोकळे होत होते. हे वाचत बसले. बोट ओळीवर ठेवून, परत मागे जाऊन. ती मुलगी दोनदा डोकावून गेली. पाऊण तास झाला. मला लाज वाटायला लागली होती, तेवढ्यात हे म्हणाले, "बेटा, पेन्सिल मिलेगी?"

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की सहभागी व्यक्ती केव्हाही बाहेर पडू शकते. पाचव्या पानावर लिहिलं होतं की बाहेर पडण्यासाठी अनुमती घेणं आवश्यक आहे. यांनी दोन्ही ओळींखाली बारीक रेघ मारली. "दोनों में से एक ही रह सकता है." त्या मुलीनं दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली, आणि तिचा चेहरा लाल झाला. "अंकल, ये तो किसी ने देखा ही नहीं." ती धावत संशोधनाच्या प्रमुख सरांकडे गेली. फॉर्म दुरुस्त होऊन आला तेव्हा यांनी सही केली.

मी यांच्याकडे बघत होते. मला वाटलं, आलं परत. सगळं आत शाबूत आहे, फक्त वेळ लागतोय. त्या बाकावर बसून मी पुढच्या अधिवेशनापर्यंत पोचलेसुद्धा.

हे आत गेले. तासाभरानं बाहेर आले ते भिंतीला हात लावत. केस एका बाजूनं चपटे झाले होते. हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बेलाचं सरबत विकणारा होता, त्याच्या छत्रीखाली आम्ही उभे राहिलो. दोन्ही हातांत ग्लास धरून हे म्हणाले, "अक्षरं येत होती पडद्यावर. दोन अक्षरांपूर्वीचंच परत आलं की बटण दाबायचं. मी सुरुवातीला दाबलं. नंतर नुसतंच दाबत होतो."

"असू दे. ते कठीणच असतं."

"ते नाही गं वाईट. त्याच्या आधी सांगितलं, काही करू नका, नुसते पडून राहा, झोपू नका. ते वाईट होतं." हे सरबत प्यायले नाहीत. "ती बाई आली."

"कुठली बाई?"

मग यांनी सांगितलं. खूप वर्षांपूर्वीची फाईल. नोकरीत असताना एक शिपाई वारला होता. त्याच्या बायकोनं मुलीला त्याच्या जागी घ्यावं म्हणून अर्ज केला होता. अर्ज मुदतीनंतर आला होता. यांनी नोट लिहिली, नियमानुसार विचार करता येणार नाही. वर सगळ्यांनी सही केली. ती बाई ऑफिसात यायची, बाहेरच्या बाकावर बसायची. एक दिवस यायची बंद झाली.

"पण नियम तसाच होता ना?" मी म्हटलं.

"तसाच होता."

"तुमची चूक नव्हती."

"नव्हती. मला माहीत आहे. मी ती फाईल रोज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो, आणि रोज माझी चूक नसते. मग परत उघडतो."

उन्हानं डांबर चमकत होतं. रिक्षावाले ओरडत होते. मी यांच्या हातातला ग्लास घेतला आणि सरबत मीच पिऊन टाकलं, कारण ते तसंच सोडणं मला जमेना.

दोन महिन्यांनी मी त्या संशोधक मुलीला फोन केला. "अंकल का रिपोर्ट?"

"मॅम, रिपोर्ट नॉर्मल है. कोई दिक़्क़त की बात नहीं."

"वो तो पहले भी नॉर्मल था. मैं दूसरी वाली बात पूछ रही हूँ. वो जाल. उसमें दिखा कि नहीं?"

ती बिचारी अडखळली. मग तिनं सांगितलं की एका माणसाच्या फोटोवरून तसं काही म्हणता येत नाही. आजारी असलेले पुष्कळ आणि नसलेले पुष्कळ, अशा दोन गटांची सरासरी काढली की फरक दिसतो. एकेकट्याकडे बघितलं तर आजारी माणसाचं चित्र निरोग्यासारखं असू शकतं, निरोग्याचं आजाऱ्यासारखं. "मॅम, अंकल का डेटा बहुत काम आएगा," ती मनापासून म्हणाली.

सरासरी मी सातवीला शिकवते. दरवर्षी फळ्यावर लिहिते की वर्गाची सरासरी उंची म्हणजे वर्गातल्या कुणाचीही उंची नसू शकते. मुलं हसतात. त्या मुलीचं बोलणं मला शब्दन्‌शब्द कळलं, आणि कळलं म्हणूनच मी तिच्यावर ओरडूही शकले नाही. "थँक यू, बेटा," म्हणून फोन ठेवला. हे आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन विचारलं, "काय म्हणाली?"

"नॉर्मल आहे म्हणाली."

"अच्छा," हे म्हणाले, आणि परत आत गेले.

पावसाळी अधिवेशनात यांच्याकडून एक चूक झाली. उत्तरात मागच्या वर्षीची माहिती गेली. सहकारी बाईंनी वेळेत पकडली, बोभाटा झाला नाही. त्या संध्याकाळी यांनी मला टेबलाशी बोलावलं, समोर कोरा कागद ठेवला. "माझ्यासाठी एक अर्ज लिहून दे. तब्येतीच्या कारणानं हलकं काम मिळावं म्हणून."

"तुम्ही सांगा, मी लिहिते."

"नाही. मजकूरही तूच कर."

मंत्र्यांच्या तोंडी जाणारी वाक्यं ज्यांनी लिहिली त्यांचा अर्ज मी लिहिला, गणिताच्या शिक्षिकेनं, तीन कच्चे कागद फाडून. वाचायला दिला. यांनी वाचला, पेन उचललं. मला वाटलं, एखादा तरी शब्द बदलतील. मी वाट बघत होते, बदला म्हणून. यांनी खाली सही केली आणि म्हणाले, "चांगला झालाय."

अर्ज मंजूर झाला. सगळे चांगले वागले, तक्रार करायला जागा नाही. हे आता जुन्या कागदपत्रांच्या विभागात बसतात, फायलींच्या याद्या तपासतात. यांची खुर्ची त्या सहकारी बाईंना मिळाली. दिवाळीला त्या मिठाई घेऊन आल्या आणि आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त अवघडल्यासारखं झालं होतं.

त्याला आता वर्ष होत आलं. औषधं चालू आहेत, मध्ये एकदा बदलली. एखाद्या दिवशी हे पेपरातली बातमी वाचून संध्याकाळी मला व्यवस्थित सांगतात, आणि मी भाजी परतणं थांबवून ऐकते. दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. किती दिवस चांगले, किती वाईट, हे मी मोजायचं सोडलंय. त्यातून काही निघत नाही. डॉक्टर म्हणतात, अजूनही सुधारू शकतं. शक्यता म्हणजे काय, हेही मला कुणी शिकवायला नको.

परवा माझ्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागली. एरवी मी यांच्या आधी घराबाहेर पडते, गेल्या वर्षीच्या सुट्टीत दारातूनच परत वळायचे, त्यामुळे हे कसे जातात ते मी कधी पाहिलं नव्हतं. परवा पहिल्यांदाच गॅलरीत उभी राहिले. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून बसथांबा दिसतो. हे डबा घेऊन थांब्यावर पोचले. एक बस आली. लोक चढले, हे चढले नाहीत. मान उंचावून नंबर वाचल्यासारखं केलं, एक पाऊल पुढे टाकलं, मागे घेतलं. बस गेली. दुसरी आली. तीही गेली. मी चपला घातल्या. जिना उतरून जायला दोन मिनिटं लागली असती. पण मी खाली गेले असते तर यांना कळलं असतं की मी वरून बघत होते, आणि रोज असंच होत असणार ते मला कळलंय, हेही कळलं असतं. मी दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिले. मग परत गॅलरीत आले.

तिसऱ्या बसमध्ये हे चढले. ती यांचीच बस होती का, ते इतक्या लांबून मला दिसलं नाही.